डिस्ने वर्ल्ड: मुक्काम आवारातल्या हॉटेलात करावा की बाहेर?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. नाताळच्या सुट्टीत सासू-सासरे भारतातून येताहेत. ते दोघे, आम्ही दोघे आणि ५ व ९ वर्षांची मुलं असे सहा जण ऑर्लँडोला पाच रात्री राहणार आहोत. डिस्नेच्या हॉटेलात दोन खोल्यांना जे पैसे पडतात, तेवढ्यात शेजारच्या किसिमी गावात आख्खं घर मिळतंय. मग आत राहण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर: भाड्याचा हिशोब थोडा बाजूला ठेवा. आधी घरात दोन गोष्टी विचारून घ्या. सहाही जण सकाळी साडेसहाला आवरून दाराबाहेर पडू शकतात का? आणि दुपारी कुणाला आडवं व्हायला लागतं का?

साडेसहा अशासाठी, की डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात उतरलेल्यांना चारही पार्कांत (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम) रोज अधिकृत वेळेच्या ३० मिनिटं आधी आत सोडतात. गर्दीच्या दिवसांत मॅजिक किंगडम ८ ला उघडत असेल, तर तुम्हाला ७:३० ला आत जाता येतं. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि पीटर पॅन या राइड्सना नाताळात दुपारी तासाभराहून जास्त रांग असते, त्यातली एक तरी या अर्ध्या तासात उरकते. पण त्यासाठी ७ ला गेटवर असायला हवं. सासऱ्यांची आंघोळ, चहा आणि धाकट्याचे बूट सापडेपर्यंत नऊ वाजणार असतील, तर या सवलतीची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे. ती हिशोबात धरूच नका.

दुपारचं मात्र तसं नाही. पार्कात दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. ज्येष्ठ माणसं आणि पाच वर्षांचं मूल दीड-दोनला ढेपाळतं आणि आतिषबाजी तर रात्री असते. मधले तीन तास खोलीवर जाऊन झोप काढता आली, तर संध्याकाळ हाताशी लागते. आत राहण्याचे पैसे खरे इथे वसूल होतात, राइडच्या रांगेत नाही.

कारण बाहेरून मॅजिक किंगडमला जाणं हे नकाशावर दिसतं तसं नाही. गाडी पार्कच्या दाराशी लागतच नाही. ती लागते तलावाच्या अलीकडे, ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरच्या वाहनतळावर. तिथून चालत किंवा ट्रामने सेंटरपर्यंत, मग सुरक्षा तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोट, आणि मग गेट. गाडीचं दार लावल्यापासून पार्कात पाऊल पडेपर्यंत अर्धा-पाऊण तास धरा. उबरही तिथेच सोडते. डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र थेट गेटजवळ उतरवते. व्हीलचेअर, स्ट्रोलर आणि झोपलेलं मूल घेऊन रात्री आतिषबाजीनंतर हेच सगळं उलट्या क्रमाने करायचं असतं, तेव्हा हा फरक फार मोठा वाटतो. बाकी तीन पार्कांत वाहनतळ गेटसमोरच आहे, तिथे बाहेरून येणाऱ्यांचं फार अडत नाही. बाहेरच्या हॉटेलांच्या ‘फुकट शटल’वर विसंबू नका. ती बहुधा दोन-चार हॉटेलांची मिळून असते, दिवसातून मोजक्या फेऱ्या करते, आणि दुपारी झोपायला आणून सोडण्यासाठी तर नसतेच.

आता पैशांचं. डिस्नेच्या हॉटेलात रिसॉर्ट फी (भाड्यावर रोज लावतात ती जादा फी) नाही, आणि २०२३च्या जानेवारीपासून तिथे रात्रीचं पार्किंगही परत फुकट झालं आहे. पार्कांचं पार्किंगही तिथल्या पाहुण्यांना माफ असतं. बाहेरून येणाऱ्यांना ते रोज वेगळं भरावं लागतं (एकदा भरलं की त्या दिवशी चारही पार्कांत चालतं). किसिमीच्या घराचं भाडं बघताना शेवटच्या पानापर्यंत जा: साफसफाईचे पैसे, वेबसाइटची फी, १३.५ टक्के कर, आणि डिसेंबरात पोहण्याचा तलाव गरम करायचे रोजचे वेगळे पैसे. ते भरले नाहीत तर मुलं पाण्यात पाय घालून परत येतील. वर भाड्याची गाडी, तीही सहा माणसं, सामान आणि कारसीट मावेल एवढी. एवढं सगळं मांडल्यावर घर स्वस्त ठरलं, तर ते खरंच स्वस्त.

स्वयंपाकघर हे घराचं सगळ्यात मोठं आकर्षण असतं, मान्य. पण तिथेही एक मेख आहे. अशा घरांत शेगडीवरचा पंखा बऱ्याचदा धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. मिरचीची फोडणी दिली की अलार्म वाजलाच. खिडक्या आधी उघडा, फोडणी मंद आचेवर करा. अलार्मची बॅटरी मात्र काढू नका. आणि दिवसभर पार्कात राहून आल्यावर पोळ्या कोण लाटणार, हेही आधीच ठरवून टाका. शिवाय पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे. काचेची बाटली आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. थेपले-लोणचं, दशम्या, चटणी-सँडविच खुशाल न्या. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. डिस्नेच्या स्वस्त गटातल्या साध्या खोल्यांत छोटा फ्रिज असतो, मायक्रोवेव्ह खाली फूड कोर्टात.

लाइटनिंग लेन म्हणजे पैसे भरून राइडची लांब रांग टाळायची सोय. तिचा फरक थोडक्यात: आतले पाहुणे मुक्कामाच्या ७ दिवस आधी, तिथल्या वेळेने सकाळी ७ ला, सगळ्या दिवसांचं एकदम बुक करू शकतात, बाहेरच्यांना प्रत्येक दिवसाच्या ३ दिवस आधी. ही सोय विकतचीच आहे, आत राहिलात म्हणून फुकट मिळत नाही. पण नाताळात चांगल्या वेळा आतले लोक आधीच घेऊन जातात. सहाही तिकिटं आदल्या रात्रीच डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये जोडून ठेवा. ७ वाजता पासवर्ड शोधत बसलात तर चार दिवसांचा फायदा पाच मिनिटांत जातो.

तुमच्या जागी निवड करायची तर डिस्नेच्या पॉप सेंच्युरी हॉटेलात दोन जोडखोल्या घ्याव्यात, आणि मधलं दार हवं हे बुकिंग करतानाच सांगावं. दोन बाथरूम मिळतात, आजी-आजोबांना दार लावून झोपता येतं. शेजारच्या आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये सहा जणांचा स्वीट आहे, त्यालाही दोन बाथरूम आणि वर मायक्रोवेव्ह. पण दोन साध्या खोल्यांपेक्षा तो बहुधा महाग पडतो. दोन्ही हॉटेलांच्या मधल्या तळ्यावर स्कायलायनरचं, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचं, एकच सामाईक स्थानक आहे. तिथून पाळणा कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्थानकाला जातो, तिथे बदलून एपकॉट किंवा हॉलिवूड स्टुडिओज. पाळणा थांबत नाही, हळू सरकत असतानाच चढायचं असतं, त्याची सासूबाईंना भीती वाटेल. व्हीलचेअर किंवा अडचण असणाऱ्यांसाठी बाजूला पाळणा थांबवून चढवतात, तिथल्या माणसाला सांगा. वीज कडाडली की सेवा बंद होते आणि बस लावतात. डिस्नेचीच ऑल-स्टार हॉटेलं आणखी स्वस्त आहेत, पण तिथे सगळीकडे बसच.

हा सल्ला एका स्थितीत उलटा होतो. सासू-सासरे पाचपैकी दोनच दिवस पार्कात येणार असतील, तर घर घ्या. त्यांची तिकिटंही दोनच दिवसांची काढा. मात्र घर असं बघा की चालत जाऊन येण्यासारखं काहीतरी जवळ असेल, नाहीतर तुम्ही गाडी घेऊन गेलात की ते दोघं दिवसभर अडकून पडतील.

ऑर्लँडोतल्याच युनिव्हर्सलच्या पार्कांसाठी एखादा दिवस काढणार असाल तर तिथलं गणित वेगळं आहे. पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत खोलीतल्या प्रत्येकाला अनलिमिटेड एक्सप्रेस पास (राइडची लांब रांग टाळायचा) फुकट मिळतो, तोही येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही दिवशी. म्हणजे एक रात्र, दोन दिवस. पण तो जुन्या दोन पार्कांतच चालतो, मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कात नाही. खोलीत किती माणसं मावतात ते आधी बघा, सहा जणांना दोन खोल्या लागतील.

आणि आजच काहीतरी धरून ठेवा. डिस्नेची नुसती खोली, म्हणजे तिकिटांचं पॅकेज न घेता, ऑनलाइन बुक केली तर सहा दिवस आधीपर्यंत रद्द करता येते. घरांच्या अटी याहून बऱ्याच कडक असतात, कुठे ३० तर कुठे ६० दिवस. भारतातून येणाऱ्यांचा व्हिसा अजून हातात नसेल तर निर्णय यावरच करा.