मुंबईत 'बाहेरचा' उमेदवार म्हणजे नेमका कोण?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. लोकसभेला दुसरीकडचा उमेदवार आणून उभा करणं कायद्यात बसतं का, बसत असेल तर 'बाहेरचा, बाहेरचा' अशी बोंब का होते, आणि मुंबईत असं काही मोठं रामायण पूर्वी घडलंय का.

कायद्याचं आधी उरकतो. लोकसभेच्या उमेदवाराचं वय किमान २५ असावं लागतं आणि देशातल्या कुठल्यातरी एका लोकसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचं नाव असावं लागतं. राखीव जागा आणि दोन-चार अपवाद सोडले तर एवढंच. कुर्ल्याच्या माणसाने कन्याकुमारीतून अर्ज भरला, २५ हजार अनामत ठेवली, तर त्याला कोणी अडवू शकत नाही. विधानसभेला मात्र त्या राज्याचा मतदार असावं लागतं. म्हणजे 'बाहेरचा' हा शब्द कायद्यात नाहीच, तो फक्त प्रचारात आहे.

आता रामायण. मी कुर्ला पूर्वेला वाढलो. आमच्याकडून चेंबूरकडे जाणारा मोठा रस्ता म्हणजे स. गो. बर्वे मार्ग. लहानपणी अण्णांना, म्हणजे माझ्या आजोबांना, विचारलं होतं, हे बर्वे कोण? अण्णा म्हणाले, "कृष्ण मेननला पाडलं ते." मग मेनन कोण, हे विचारणं आलंच. त्यावर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याचं नाव काढू नका या घरात." ही गोष्ट पुरी कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

व्ही. के. कृष्ण मेनन मूळचे कोझिकोडचे. उमेदीची वर्षं लंडनमध्ये गेली, स्वातंत्र्यानंतर तिथेच उच्चायुक्त होते. मराठीचा गंध नाही, हिंदीही नाही, सभेत बोलायचे ते इंग्रजीत. जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर दोन दिवस मिळून आठेक तास बोलले आणि देशभर नाव झालं. लगेच निवडणूक होती. काँग्रेसने त्यांना उत्तर मुंबईतून उभं केलं.

आता ते वर्ष आठवा. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात, हुतात्म्यांचं रक्त अजून वाळलेलं नाही, मुंबई गुजरातसकटच्या द्विभाषिक राज्यात कोंबलेली, आणि काँग्रेस म्हटलं की मराठी माणसाच्या कपाळावर आठी. अशा वेळी काँग्रेसच्या तिकिटावर एक मल्याळी माणूस उपनगरांत उभा राहतो आणि निवडून येतो! समोर प्रजा समाजवादी पक्षाचे पीटर अल्वारिस होते, गोवा मुक्तीच्या लढ्यातले. मेनन बाहेरचे आहेत हे तेव्हा कोणाला दिसत नव्हतं असं थोडंच आहे? पण काश्मीरवर बोललेला माणूस म्हणून त्यांना वेगळं माप लावलं गेलं.

खरी गाजली ती १९६२ ची. मेनन तोवर संरक्षणमंत्री झाले होते आणि देशात त्यांच्याइतका वादग्रस्त मंत्री दुसरा नसेल. लष्करप्रमुख थिमय्यांनी १९५९ मध्ये त्यांच्याशी खटके उडून राजीनामा दिला होता (नेहरूंनी तो परत घ्यायला लावला). चीन सीमेवर सरकत होता. मेनन कम्युनिस्टांचे आहेत, लष्कराची वाट लावताहेत, असं विरोधक उघड म्हणत. त्यांना पाडण्यासाठी आचार्य कृपलानी मुंबईत आले. स्वातंत्र्याच्या वेळचे काँग्रेसचे अध्यक्ष, वय सत्तरीच्या पुढे, बिहारमधल्या सीतामढीची हातातली जागा सोडून आलेले. मागे जनसंघ, स्वतंत्र पक्ष, प्रजा समाजवादी असे एरवी एका ताटात न जेवणारे सगळे. गंमत म्हणजे त्यांच्या पत्नी सुचेता कृपलानी त्या वेळी काँग्रेसमध्येच होत्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कृपलानी मूळचे सिंध हैदराबादचे. एक उमेदवार केरळचा, दुसरा सिंधचा, आणि मतदार कोण, तर कुर्ल्याचे गिरणी-कारखान्यांतले कामगार, पार्ल्याचे कारकून, चेंबूर कॅम्पातले सिंधी निर्वासित, वांद्र्याचे ख्रिस्ती, घाटकोपरचे गुजराती. दोघेही बाहेरचे, त्यामुळे त्या शब्दाला धारच उरली नाही. भांडण झालं ते चीनवरून, नेहरूंच्या धोरणावरून. शहरातली साप्ताहिकंसुद्धा वाटली गेली होती. करंजियांचं 'ब्लिट्झ' मेननच्या बाजूने, कराकांचं 'करंट' मेननच्या जिवावर उठलेलं. नेहरू स्वतः प्रचाराला आले, मेननवर हल्ला म्हणजे माझ्यावर हल्ला, असा त्यांचा पवित्रा होता. नेहरूंच्या सांगण्यावरून दिलीपकुमारने सभा घेतल्या. शिवाय दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता आणि संरक्षणमंत्री मेननच होते. कोकणातल्या माणसाला याहून मोठं काय हवं? अण्णा राजापूरकडचे.

ते एका सभेला गेले होते. मेनन इंग्रजीत काय बोलले ते अण्णांना ओ की ठो कळलं नाही. "मग टाळ्या कशाला वाजवल्या?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "सगळे वाजवत होते. आणि बैलजोडीवर शिक्का मारायचा हे ठरलेलंच होतं, त्याला इंग्रजी कशाला लागतं?" बैलजोडी ही तेव्हाची काँग्रेसची निशाणी. हे उत्तर मी हसण्यावारी सोडून देत नाही. मेननना जवळपास ३ लाख मतं पडली, कृपलानींना दीड लाख. त्या ३ लाखांत नेहरूंची किती, बैलजोडीची किती आणि मेननची स्वतःची किती, हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नाही. मेनननीही नाही, हे जास्त महत्त्वाचं.

फेब्रुवारीत हा विजय आणि २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला. जवान सुती कपड्यांत, जुन्या बंदुका घेऊन बर्फात लढले, या बातम्या येऊ लागल्या तेव्हा लोकांच्या रागाला एकच तोंड मिळालं. ७ नोव्हेंबरपर्यंत मेनन मंत्रिमंडळाबाहेर. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अजून म्हणतो. याच चव्हाणांना पुढे १९६३ मध्ये लोकसभेवर घ्यायचं होतं. कऱ्हाडचा माणूस, पण जागा रिकामी नाशिकला. ते नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. 'बाहेरचा' हा शब्द कोणाच्या ओठावरही आला नाही.

१९६२ च्या त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात संरक्षण निधीसाठी सोनं गोळा होत होतं. आमच्या चाळीत बायका एकेक करून जिन्नस देत होत्या. आजीने तिच्या लग्नातली अर्ध्या तोळ्याची अंगठी दिली. कोणी मागितली नव्हती, तिचीच इच्छा. पण देऊन आल्यावर ती म्हणे रात्रभर जागी होती, आणि सकाळी अण्णांना म्हणाली, "आपण मत दिलं होतं ना त्याला? आणि वर अंगठी पण आपणच द्यायची." पावती तिने शेवटपर्यंत डब्यात जपून ठेवली होती.

१९६४ मध्ये नेहरू गेले आणि मेननचा वाली गेला. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांचं तिकीट कापलं. कारण काय दिलं? हे महाराष्ट्रीय नाहीत! दहा वर्षं जो चालला तो अकराव्या वर्षी अमराठी निघाला. यात सदोबा पाटलांच्या मुंबई प्रदेश काँग्रेसचा हात होता, आणि हे तेच पाटील ज्यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळू नये म्हणून जंग जंग पछाडलं होतं. मराठीपणाचा एवढा पुळका त्यांना आला कुठून, असं अण्णा विचारायचे. ते अर्थातच रागातून. खरं कारण पक्षातले हिशेब होते, आणि 'बाहेरचा' हा शब्द त्या वेळी बाजारात चांगला खपत होता.

खपत होता कारण १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली होती. त्याआधीपासून बाळ ठाकऱ्यांचा साप्ताहिक 'मार्मिक' मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' म्हणून छापत होता. बेकार मराठी पोराला त्या याद्या वाचून जे वाटत असेल ते खोटं नव्हतं, नोकऱ्या खरंच मिळत नव्हत्या. पण राग निघायचा तो उडप्याच्या हॉटेलवर आणि कोपऱ्यावरच्या नारळवाल्यावर. मेनन काँग्रेस सोडून मुंबई ईशान्य मतदारसंघात अपक्ष उभे राहिले, डाव्यांनी पाठिंबा दिला, आणि सेनेने आपलं बळ काँग्रेसच्या उमेदवारामागे, म्हणजे बर्व्यांमागे लावलं.

सदाशिव गोविंद बर्वे माणूस उत्तम होता, यात वाद नाही. आयसीएस, पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त, नंतर राज्याचे मंत्री. पण त्यांची सारी ख्याती पुण्याची. कुर्ला-मुलुंडशी त्यांचा संबंध मेननपेक्षा जास्त होता असं मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही. मेनन निदान दहा वर्षं इथले खासदार होते. तरी बर्वे 'आपले' आणि मेनन 'बाहेरचे'. म्हणजे गावाचा प्रश्न नव्हताच, भाषेचा होता.

मेनन सुमारे १३ हजार मतांनी पडले. निकालानंतर थोड्याच दिवसांत, मार्चमध्ये, बर्वे अचानक वारले. पोटनिवडणुकीत मेनन पुन्हा उभे राहिले, आणि बर्व्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी त्यांना पुन्हा पाडलं.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, मुंबईकरांनी भाषेवरून पाडलं. मला हे अर्धंच पटतं. कारण त्याच फेब्रुवारी १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत काय झालं पाहा. सदोबा पाटील, तीन वेळा महापौर, केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबईचे अनभिषिक्त राजे. त्यांना पाडलं कोणी? मंगळूरहून आलेल्या जॉर्ज फर्नांडिसने. तोही बाहेरचाच की! पण तो १९४९ मध्ये मुंबईत आला तेव्हा चौपाटीवर झोपला होता, गोदी, टॅक्सी, महापालिकेच्या कामगारांत वाढला, फर्डं मराठी बोलायला शिकला, १९६१ पासून नगरसेवक होता. त्याचं गाव कुठलं हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मेनन दहा वर्षांत आमच्या भागात किती वेळा दिसले असं मी अण्णांना विचारलं होतं. "निवडणुकीला," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "दोन्ही वेळा."

आमच्या वरच्या मजल्यावर पालघाटचं एक कुटुंब होतं, गृहस्थ एका कचेरीत स्टेनो. १९६७ च्या मतदानाच्या दिवशी ते घराबाहेर पडायला कचरत होते, रस्त्यावर घोषणा चालू होत्या. अण्णा त्यांना सोबत घेऊन गेले, येतानाही सोबत. दोघांनी एकमेकांना मत कोणाला दिलं ते विचारलं नाही. अण्णांनी बर्व्यांना दिलं होतं. मला हे कळलं तेव्हा जरा विचित्र वाटलं, एका हाताने शेजाऱ्याला सांभाळायचं आणि दुसऱ्याने घोषणा देणाऱ्यांच्याच उमेदवारावर शिक्का मारायचा. अण्णांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. "बैल तिकडे होते," एवढंच त्यांचं उत्तर. मेननच्या नावापुढे बैलजोडी नसलेली ती पहिलीच निवडणूक होती.

आजचंही थोडं सांगतो, तुमचा प्रश्न त्यावरूनच आला असावा. २०२४ मध्ये उत्तर मुंबईत पीयूष गोयल बाहेरचे म्हणून ओरड झाली. ते जन्माने मुंबईचेच, फक्त शहराच्या दुसऱ्या भागातले. साडेतीन लाखांहून जास्त मतांनी आले. उत्तर मध्य मुंबईत जळगावचे उज्ज्वल निकम उभे होते, ते वर्षा गायकवाडांकडून सुमारे साडेसोळा हजारांनी हरले. दोन्ही निकालांत पक्षाची त्या भागातली ताकद बघा, 'बाहेरचा' या शब्दाने फारतर चार मतं इकडची तिकडे केली असतील. जिथे लढत अटीतटीची असते तिथे मात्र ती चार मतं महाग पडतात, आणि म्हणूनच हा शब्द दर वेळी गोदामातून बाहेर काढला जातो. ज्याच्याकडे दुसरा मुद्दा नाही तो आधी काढतो.

मेननचं पुढे काय झालं ते राहिलंच. १९६९ मध्ये बंगालमधल्या मिदनापूरला पोटनिवडणूक लागली. हा केरळचा माणूस बंगाली येत नसताना तिथे अपक्ष उभा राहिला, डाव्या आघाडीच्या जोरावर लाखाहून जास्त मतांनी जिंकला, आणि १९७१ मध्ये शेवटी आपल्या केरळातून, त्रिवेंद्रमहून निवडून आला. मिदनापूरची बातमी अण्णांनी सकाळी चहा पिताना मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे. आजीने भाकरी थापता थापता ऐकून घेतली आणि विचारलं, "तिकडच्या बायकांकडे अंगठ्या नव्हत्या मागितल्या का?"