कांद्याचं सॅलड ड्रेसिंग घरी कसं करावं? साखर नको, तेलही कमी हवं.

अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तोच घ्या. तिखटपणा कमी आणि अंगची गोडी असते, त्यामुळे साखर लागतच नाही. एक मध्यम कांदा किसा; मिक्सरला लावू नका, कडवट होतो. त्यात चमचाभर कोकमाचं आगळ (मीठ घातलेला कोकमाचा घट्ट रस), तेवढंच घाण्याचं शेंगदाणा तेल, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि दोन चमचे पाणी. मीठ आधी अजिबात नको! आगळ खारटच असतं, चव बघून मग ठरवा. खोबरेल तेलाचा स्वाद मला जास्त आवडतो, पण फ्रिजमध्ये ते थिजतं. 10 मिनिटं मुरलं की किसाला गुलाबी रंग चढतो, उग्रपणा उतरतो. काकडीवर किंवा मोडाच्या मुगावर घाला आणि त्याच दिवशी संपवा.