नवा नको, तोच पुन्हा बघ

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. 300 च्या वर सिनेमे, प्रत्येकापुढे तारीख आणि चांदण्या, आणि सगळ्यात खाली तुझा प्रश्न. मुलाखतीत त्यांनी आवडता सिनेमा विचारला, तू नाव सांगितलंस, त्यांनी ‘का?’ म्हटलं आणि तुला त्यातला एक प्रसंगही धड आठवेना. म्हणून आता मला विचारतेस, काका, अजून कोणकोणते बघायला हवेत?

एकही नाही. वर्षभर नवा एकही बघितला नाहीस तरी चालेल. बघितलेल्यांतले चार-पाच काढ आणि तेच पुन्हा बघ. ते झाले की परत तेच बघ. यापलीकडे मला फारसं काही सांगायचं नाही, पण एका वाक्यावर तुझं समाधान होत नाही हे माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुझ्या यादीत ‘सामना’ आहे. साडेचार चांदण्या. मला सांग, मास्तर पहिल्यांदा गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं नाव काढतो तेव्हा हिंदुरावाचा चेहरा कसा होतो? आठवत नसेल तर त्या साडेचार चांदण्या कशाला दिल्यास? 1975 चा सिनेमा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांचं लेखन, रामदास फुटाण्यांची निर्मिती, बर्लिनच्या महोत्सवात गेलेला, हे सगळं मोबाइलवर मिळतं. पण पहिल्या वेळी आपण सगळेच मारुती कांबळेच्या मागे लागलेले असतो. त्याचं काय झालं, कुणी केलं, मास्तरला कळणार का, एवढंच डोक्यात असतं. उत्तर एकदा कळून गेलं की दुसऱ्या वेळी डोळे मोकळे होतात आणि हिंदुराव झालेले निळू फुले दिसायला लागतात. कुठून तरी आलेल्या या दारुड्या म्हाताऱ्या मास्तरला हा साखरसम्राट घरात ठेवून घेतो, त्याला दारू पाजतो, आपलं साम्राज्य फिरून दाखवतो. का? मला वाटतं, त्याच्याशी बरोबरीनं बोलणारं गावात कुणी उरलेलंच नाही. मास्तर तसा बोलतो, म्हणून तो हवासा वाटतो, आणि तसा बोलतो म्हणूनच शेवटी तो हिंदुरावाला भारी पडतो. हे एका बैठकीत हाती लागत नाही. मला तरी लागलं नाही, आणि ज्यांना लागलं असं ते म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

‘सामना’ परत बघितलास की दुसऱ्याच रात्री ‘सिंहासन’ लाव. तोही यादीत आहे, पण मधे कित्येक महिने गेलेत, त्यामुळे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. 1979 चा सिनेमा, तेच दिग्दर्शक, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरची. आणि तेच दोन नट, फक्त जागा बदललेले. ‘सामना’त सत्ता ज्याच्या मुठीत आहे ते निळू फुले इथे दिगू टिपणीस झालेत, सगळं बघणारा आणि काहीही करू न शकणारा पत्रकार. तिथे सत्तेला प्रश्न विचारून हैराण करणारे श्रीराम लागू इथे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले. लागोपाठ दोन रात्री हे दोन सिनेमे बघितलेस की पहिल्याचा अर्थ दुसरा बदलून टाकतो. मग तुला तिसऱ्या रात्री परत ‘सामना’ बघावासा वाटेल. वाटला पाहिजे.

वेळ कुठे आहे, असं म्हणू नकोस. 300 सिनेमांना वेळ होता.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी फिल्म सोसायटी होती. महिन्याला एक सिनेमा, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. 16 मिमीची प्रिंट पत्र्याच्या डब्यांतून पुण्याहून यायची. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ संपलं की दिवे लावायचे आणि दुसरं रीळ चढेपर्यंत सगळे बोलत बसायचे. रीळ चढवायचं काम माझ्याकडे होतं. फिल्म दात्यांच्या चाकांवरून नेताना लेन्सच्या मागच्या फटीच्या वर आणि खाली वेटोळ्याइतकी ढील ठेवावी लागते. ढील कमी पडली की कडेची छिद्रं फाटतात, आणि फाटलेल्या प्रिंटची भरपाई सोसायटीला करावी लागायची. प्रिंट दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत जायची. म्हणून रात्री सगळे पांगल्यावर मी आणि पोस्टात काम करणारा माझा एक मित्र, आम्ही दोघंच तो सिनेमा पहिल्या रिळापासून परत लावायचो. भिंतीला टेकून, चहाच्या थर्मासवर. त्या दुसऱ्या खेळात मी सिनेमा शिकलो. तो मित्र आता नाही. तो त्या रात्री जे बोलायचा त्यातलं कुणीच काही लिहून ठेवलं नाही, आणि ती हळहळ माझी जात नाही. त्याच्याइतका चांगला प्रेक्षक मी पुन्हा बघितला नाही.

‘पथेर पांचाली’तला माळेचा प्रसंग त्यानंच मला दाखवला. शेजारीण येऊन घरातल्या थोरल्या पोरीवर, दुर्गावर, मण्यांची माळ चोरल्याचा आळ घेते, आई तिला केस धरून फरफटत घराबाहेर काढते. पहिल्या वेळी आपल्याला पोरीची कीव येते, चीड येते. दुर्गा वारल्यावर, शेवटी, घर सोडून जायची बांधाबांध चालू असताना, तिच्या धाकट्या भावाला, अपूला, ती माळ सापडते. तो ती नेऊन डबक्यात टाकतो. पाण्यावरचं शेवाळ बाजूला होतं आणि परत मिटतं. आता हे माहीत असताना तो आधीचा प्रसंग परत बघ. दुर्गाचा चेहरा तोच, आईचा हात तोच, आणि तरी सगळं वेगळं. चोरी खरी होती, आणि तरीही तुझी माया तसूभर कमी होत नाही. सत्यजित राय यांनी 1955 साली हे करून ठेवलंय, आणि ते एकदा बघणाऱ्याच्या पदरात अर्धंच पडतं.

पुढल्या वर्षी मी तोच सिनेमा पुन्हा लावायचा ठराव मांडला. समितीत गदारोळ झाला. वर्गणी भरून लोक बघितलेलं बघायला येतील का, असं विचारलं गेलं. मी हट्ट सोडला नाही, सिनेमा लागला, निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि कार्यक्रम ठरवण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं. त्यानंतर त्यांनी दरमहा काहीतरी नवं, परदेशी, पुरस्कारवालं लावलं. पुढे सोसायटी बंद पडली. नवं बघायला घरोघर टीव्ही आला होता, हॉलचे जिने कोण चढणार? तोच सिनेमा पुन्हा, त्याच लोकांबरोबर बघणं हे मात्र टीव्ही देत नव्हता, आणि तेवढंच आमच्याकडे देण्यासारखं होतं. मी तेव्हा हे बोललो होतो. आजही हेच बोलेन. मला स्वतःला सिनेमा करायचा होता, घरच्या जबाबदाऱ्यांत ते राहून गेलं आणि त्याचं शल्य आहे. पण त्या रात्री वाया गेल्या असं मला कुणी म्हणू नये. लोक म्हणतात, घरचेही म्हणतात. मी ऐकत नाही.

असो. तुझ्या यादीकडे येतो, कारण तिच्यात एक सिनेमा नाहीच आणि त्याचा मला खरा राग आलाय. ‘अशी ही बनवाबनवी’ कुठे आहे? दर सुट्टीत आजीजवळ बसून तू तो बघायचीस, तुला तोंडपाठ आहे, आणि यादीत नाव नाही. मुलाखतीत हसतील म्हणून? अगं, तुझ्या आयुष्यात पुन्हा पुन्हा बघितलेला तो एकच सिनेमा आहे, आणि तेवढाच एक तुला खरा माहीत आहे. त्याच्याबद्दल तू अर्धा तास बोलली असतीस. 1988 चा, सचिननं दिग्दर्शित केलेला, वसंत सबनीसांच्या संवादांचा. सत्तर रुपये वारल्याचा प्रसंग महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला पाठ आहे, तरी लागला की लोक हातातलं काम ठेवून बघतात. का, हे शोधून काढ. विनोद माहीत असताना हसू कशाचं येतं? पुढच्या वेळी अशोक सराफ बोलत असताना त्यांच्याकडे बघूच नकोस, समोरच्या सुधीर जोशींकडे बघ. सरपोतदार ऐकतोय कसा, त्याला कळायला किती वेळ लागतो, तो वेळ कसा धरून ठेवलाय. मग आवाज बंद करून बघ. मुलाखतीत ‘का’ विचारलं होतं ना? त्याचं उत्तर तुझ्या आजीच्या टीव्हीवर होतं.

1936 चा ‘संत तुकाराम’ही असाच, आजीच्या वयाच्या लोकांचा म्हणून तू बाजूला ठेवलेला. दामले आणि फत्तेलाल यांचा, ‘प्रभात’चा, व्हेनिसला गौरवलेला. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाकडे पहिल्यांदा सगळ्यांचंच लक्ष जातं. जाऊ दे. पुढच्या खेपेला फक्त आवली बघ, गौरीनं केलेली. आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन ती देवळात विठोबाला जाब विचारायला निघते. नवरा देवाचा, पण पोरांच्या पोटाचं तिलाच बघावं लागतं. भक्तिपट म्हणून बघितलेला सिनेमा आवलीच्या बाजूनं बघितलास की तो संसाराचा सिनेमा होतो, आणि दोन्ही खरे असतात. त्यातलं ‘आधी बीज एकले’ तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांचं आहे. हे कळल्यावर ते परत ऐक, तुकोबांच्या लेखणीशी कसं जुळवलं आहे ते कळेल.

आता ‘कोर्ट’. त्याच्यापुढे तू लिहिलंयस, ‘संथ. तीन चांदण्या.’ चैतन्य ताम्हाणेचा हा सिनेमा 2014 मध्ये व्हेनिसला गेला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरला, पण त्यासाठी तुझं मत बदल असं मी म्हणणार नाही. मीही पहिल्यांदा अस्वस्थ होऊन उठलो होतो. कॅमेरा एका जागी उभा, वकील कायद्याची कलमं एकसुरात वाचत सुटलेली, न्यायाधीश तारखा देतायत, आणि गाण्यातून एका गटार कामगाराला आत्महत्येला चिथावल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे तुरुंगात. आपल्याला निकाल हवा असतो. निकालाची आशा सोडून दुसऱ्यांदा बघ. गटारात उतरून मेलेल्या त्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. तो आत उतरायच्या आधी काय करायचा, हे ती सांगते: मॅनहोलमध्ये खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतंय का बघायचा. झुरळ आलं म्हणजे आत हवा आहे. ती हे ज्या आवाजात सांगते त्यात रडं नाही, तक्रार नाही. पहिल्या वेळी हे वाक्य माझ्याजवळून निघून गेलं होतं, कारण मी खटल्याचं काय होणार या विचारात होतो. आणि सरकारी वकील बघ, गीतांजली कुलकर्णी. कोर्ट सुटल्यावर ती लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते, घरच्यांबरोबर नाटकाला जाते. तिच्यात दुष्ट काहीच नाही. ती आपल्यातलीच आहे, हे मला पचायला फार वेळ लागला. शेवटाला न्यायाधीश सुट्टीवर, रिसॉर्टच्या बाकावर झोपलेले दिसतात. पहिल्यांदा वाटतं, हे कशाला? तुलाही वाटलं असणार. तो शेवट मी तुला समजावणार नाही.

तर असं कर. यादी फाडू नकोस, बाजूला ठेव. या महिन्यात ‘कोर्ट’ आणि ‘बनवाबनवी’, पुढल्या महिन्यात ‘सामना’ आणि ‘सिंहासन’. चांदण्या देणं बंद. दर खेपेला एकच माणूस निवड आणि सिनेमाभर त्याच्याच मागे जा, तो पडद्यावर नसेल तेव्हा तो कुठे असेल याचा विचार कर. मधे मोबाइल बघायचा नाही. कंटाळा येईल, येऊ दे, त्यातच बसून राहा.

मुलाखत पुढच्या वर्षीही असते. तीन वेळा ‘कोर्ट’ बघून झाला की त्या न्यायाधीशाबद्दल मला लिही. पहिल्या दोन वेळी जे वाटेल ते कळवू नकोस, तिसऱ्या वेळचं कळव.

तुझा,
काका