डिस्नेला सहा जण, पाच दिवस, नऊ हजार डॉलर: जावं का?

तुम्ही लिहिलंय की आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, मुलगी नऊची आहे आणि नोव्हेंबरात दहाची होईल, धाकटा चार वर्षांचा, ख्रिसमस ते न्यू इयर ऑरलँडोला जायचंय, पाच दिवस डिस्ने वर्ल्ड, आणि एक्सेल शीट विमान न धरताच नऊ हजारांवर गेलीय. शेवटी विचारलंय, "एवढे पैसे टाकून आता पूर्वीसारखी मजा येते का हो?" माझं उत्तर असं की जा, पण हा प्लॅन घेऊन जाऊ नका. सविस्तर लिहिते, लांबेल जरा.

आम्ही चार वेळा गेलोय, २००८, २०१४, २०१९ आणि २०२४. म्हणजे मी काही डिस्नेवर डूख धरून बसलेली बाई नाही, उलट घरचे मला त्यावरून चिडवतात. पण या चार ट्रिप शेजारी ठेवल्या की काय बदललं ते नुसत्या तिकिटाच्या किमतीत दिसत नाही, म्हणून आधी ते सांगते.

२००८ ला मुलगी पाच वर्षांची होती. डिस्नेच्याच सगळ्यात स्वस्तातल्या हॉटेलात उतरलो होतो. निघायच्या आधी घरी पोस्टाने बॅगांना लावायचे पिवळे टॅग आले, ते लावून बॅगा चेक-इन केल्या, ऑरलँडोला उतरून सरळ मॅजिकल एक्सप्रेस या डिस्नेच्या हॉटेलपर्यंतच्या बसमध्ये बसलो आणि बॅगा नंतर आपोआप खोलीत आल्या, एक पैसा न देता. पार्कात लांब रांग टाळायचा फास्टपास म्हणजे कागदाची चिठ्ठी, राईडच्या बाहेरच्या मशीनमध्ये तिकीट घातलं की परत यायची वेळ छापून मिळायची. नवरा सगळ्यांची तिकिटं गोळा करून पळायचा, चिठ्ठ्या घेऊन यायचा, तोवर आम्ही मायलेकी सावलीत आईस्क्रीम खात बसायचो. पळायची तयारी असलेला एक माणूस घरात असला की झालं, पैशाचा प्रश्न नव्हता. २०१४ ला मनगटावर मॅजिकबँड आले, म्हणजे तिकीट आणि खोलीची किल्ली एकत्र असलेले पट्टे, आणि चिठ्ठीची जागा ॲपने घेतली, २०१९ ला दोन महिने आधी बुकिंग करायचं डोकं लागलं, पण तेही तिकिटातच होतं.

२०२४ च्या नोव्हेंबरात गेलो तेव्हा फास्टपास इतिहासजमा झालेला. २०२१ च्या ऑक्टोबरात त्याच्या जागी पैसे देऊन रांग टाळायचं जिनी प्लस आलं, माणशी १५ डॉलर रोज, पुढच्या वर्षी रेट दिवसागणिक बदलायला लागला, २०२४ च्या जुलैत त्याचं नाव लायटनिंग लेन मल्टी पास झालं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी बुकिंग, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला. आम्ही बाहेर राहत होतो. आणि मी, चार ट्रिपांची अनुभवी, सातचा अलार्म लावून झोपले, सात आमचे सेंट्रल टाइमचे! तिथे आठ वाजून गेले होते, मुलाला हव्या असलेल्या दोन राईडचे फक्त संध्याकाळचे स्लॉट उरले. चूक सगळी माझी, पण सुट्टी सुरू व्हायच्या तीन दिवस आधीच घरात भांडण झालं हे मात्र खरं.

तिकिटाचं बोलू. १९७१ ला डिस्ने वर्ल्ड उघडलं तेव्हा मोठ्यांचं प्रवेश तिकीट साडेतीन डॉलर होतं, महागाई धरून आजचे सत्तावीस-अठ्ठावीस. हा आकडा फेसबुकवर सारखा फिरतो पण अर्धवट फिरतो, कारण त्या साडेतीनात राईड नव्हत्या, त्यांची कूपनं वेगळी, ए पासून ई पर्यंत, ई म्हणजे सगळ्यात भारी राईड. १९८२ ला ती कूपनबुकं बंद झाली आणि एका तिकिटात सगळं असा हिशोब सुरू झाला, आपल्या पिढीला तेच डिस्ने माहीत आहे. २०१५ ला मॅजिक किंगडमचं, म्हणजे डिस्ने वर्ल्डमधल्या चार पार्कांतल्या मुख्य पार्काचं, एका दिवसाचं तिकीट १०५ झालं, शंभरी ओलांडली म्हणून केवढी ओरड झाली होती. २०१८ च्या ऑक्टोबरपासून तारखेनुसार भाव, आणि २०२२ च्या डिसेंबरात पार्कानुसारही वेगळे, तेव्हा मॅजिक किंगडमचा गर्दीच्या दिवसांचा भाव १८९. आता या तिकिटावर परत राईडचे वेगळे पैसे. म्हणजे ई कूपन परत आलंय, फक्त प्रवेश साडेतीन डॉलरचा राहिलेला नाही.

आणि ते वेगळे पैसे खरंच ऐच्छिक आहेत का, तर कागदोपत्री हो. पण रांग कशी चालते बघा, राईडच्या अलीकडे एक जागा असते जिथे दोन्ही रांगा मिळतात, तिथला कर्मचारी लायटनिंग लेनवाल्यांना आधी सोडत राहतो आणि मधूनमधून साध्या रांगेतले थोडे. राईडची तासाची क्षमता तेवढीच, त्यामुळे जितके जास्त लोक पैसे देतील तितकी न देणाऱ्यांची रांग हळू, आणि ती हळू झाली की अजून चार जण वैतागून फोन काढतात. फास्टपास फुकट होता तेव्हाही मेकॅनिझम हेच होतं, पण तेव्हा रांग लांबली तर त्यातून कुणाला पैसे मिळत नव्हते. आता वरती प्रीमियर पास पण आहे, आधी वेळ न ठरवता प्रत्येक लायटनिंग लेनमधून एकदा जायचा, २०२४ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा पार्क आणि तारीख बघून माणशी दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर, तिकिटाशिवाय! सहा जणांसाठी गुणाकार करू नका, झोप लागणार नाही.

बाकीचं पटकन सांगते. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना फुकट मिळणारे मॅजिकबँड २०२१ च्या सुरुवातीला बंद झाले. एका पार्कात रात्री उशिरापर्यंत थांबायची सोय तिथे राहणाऱ्या सगळ्यांना असायची, ती आता महागड्या हॉटेलांपुरती आणि ठरावीक रात्रीच, डिस्नेच्या बाकी हॉटेलांत राहणाऱ्यांना नुसता सकाळी अर्धा तास आधी प्रवेश. मॅजिकल एक्सप्रेस २०२२ उजाडताना गेली. यातली एकेक गोष्ट मोठी नाही हो, पण याच गोष्टींमुळे तिकडे पोचलं की डोकं बंद ठेवता यायचं, आणि मला वाटतं आपण पैसे त्याचेच देत होतो. आता तीच निवांतपणाची सोय तुकड्या-तुकड्याने विकत घ्यायची आणि कुठला तुकडा घ्यायचा हे पार्कात उभं राहून फोनमध्ये मान घालून ठरवायचं. बजेट तेव्हाही फाटायचं आमचं, पण ट्रिपवरून येऊन दमायला व्हायचं नाही.

असं का केलं तर कारण फार गूढ नाही. स्ट्रीमिंगमध्ये कंपनीला २०२२ च्या आर्थिक वर्षात जवळपास ४ अब्ज डॉलर तोटा झाला आणि पार्क मात्र पैसा छापतात, २०२४ च्या आर्थिक वर्षात सगळ्या विभागांचा मिळून ऑपरेटिंग नफा १५.६ अब्ज होता त्यातले ९.३ अब्ज पार्क-क्रूझवाल्या विभागाचे. ज्या गाईला दूध आहे तिलाच पिळणार ना. शिवाय पार्कात माणसं मावणार तेवढीच, मग विमानकंपन्यांसारखं तारखेनुसार भाव लावून तेवढ्याच माणसांकडून जास्त काढायचे. भाववाढीत जरा अतीच झालं असं डिस्नेच्या तेव्हाच्या सीईओने, बॉब आयगरने, २०२३ मध्ये स्वतःच कबूल केलं होतं, आणि खरं सांगायचं तर काही गोष्टी सुधारल्या पण, हॉटेलचं रात्रीचं पार्किंग २०२३ ला परत फुकट झालं, कुठल्या दिवशी कुठलं पार्क हे आधी रिझर्व्ह करायची कटकट डेटवाल्या तिकिटांना २०२४ पासून नाही. पण फास्टपास काही परत येत नाही, ते विसरा.

आता तुमचं बघू.

पहिलं म्हणजे तारखा बदला. ख्रिसमस-न्यू इयरचा आठवडा वर्षातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात गर्दीचा, दोन्ही एकदम. तुमचे आईबाबा सहा महिने आहेत म्हणजे त्या आठवड्याला बांधून घ्यायचं काही कारणच नाही. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे घ्या, सजावट तीच असते. शाळा बुडेल, चौथीची शाळा आहे, बुडू दे. त्यातही मॅजिक किंगडमला संध्याकाळी ख्रिसमस पार्टी असेल तो दिवस बघा, साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर काढतात म्हणून लोक तो दिवस टाळतात आणि दिवसभर रांगा लहान असतात. फटाके त्या दिवशी मिळत नाहीत, त्याचा उपाय खाली आहे.

दुसरं, पाच दिवस नको. तिकिटाचं गणित असं लावलेलं असतं की चौथा-पाचवा दिवस अगदी थोड्या पैशात मिळतो, आणि आपण मराठी माणसं, स्वस्त पडतंय म्हटल्यावर घेतोच. पण त्या "स्वस्त" दिवसाला हॉटेलच्या दोन खोल्या लागतात, सहा जणांचं तीन वेळचं खाणं लागतं, आणि लायटनिंग लेन माणशी नुसते तीस धरले तरी सहा जणांचे १८० डॉलर, ज्यात सगळ्यात मागणीच्या काही राईड नाहीतच, त्या एकेकटीच्या वेगळ्या विकतात. तीन दिवस घ्या, मध्ये एक दिवस मोकळा. चार वर्षांचं पोर सलग तीन दिवस पार्कात फिरवलं तर तिसऱ्या दिवशी दुपारी ते रस्त्यात लोळण घेतं आणि त्याचं काही चुकत नाही.

तिसरं, कुणाला काय चालणार आहे तेवढंच विकत घ्या. धाकट्याची उंची आजच मोजा. स्पेस माउंटनला ४४ इंच लागते, अवतारच्या फ्लाइट ऑफ पॅसेजला ४४, ट्रॉनला ४८. चार वर्षांचा मुलगा चाळीसच्या आसपास असतो, म्हणजे ज्या राईडसाठी लोक पैसे मोजतात त्यातल्या बऱ्याच त्याला बंदच आहेत. त्याच्यासाठी आणि आजीआजोबांसाठी लायटनिंग लेन घेऊ नका. तुम्ही दोघं आणि मुलगी, तिघांसाठी एकच दिवस घ्या, मॅजिक किंगडमला. बाकी दिवशी गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी जाऊन उभं राहायचं, पहिल्या दोन तासांत दोन-तीन मोठ्या राईड होतात, अकरानंतर गर्दी चढली की शो, परेड, सावली. धाकट्यापायी एकाला बाहेर थांबावं लागतं तिथे रायडर स्विच मागा, दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही आणि हे अजून फुकट आहे. मुलगी दहाची झाली की मोठ्यांच्या भावात, तिकिटात फरक किरकोळ पडतो, मिकी वगैरे पात्रं टेबलाशी येतात त्या कॅरेक्टर बुफेत मात्र चांगलाच पडतो, तिथे जरा हिशोब करा. पाणी विकत घेऊ नका, काउंटरवाल्या कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, आणि घरचं खाणं आत नेलेलं चालतं, फक्त काचेच्या बाटल्या-बरण्या नकोत.

आणि आईबाबा. त्यांना तीनही दिवस आत न्यायचा हट्ट करू नका, मी २०१४ ला सासूसासऱ्यांना नेलं होतं. सासरे दिवसभर "छान आहे, छान आहे" म्हणत होते आणि रात्री खोलीत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ते बाकावर बसून बॅगा सांभाळतायत सकाळपासून. जवळपास शंभर डॉलरचं तिकीट काढून आम्ही त्यांना बॅगा सांभाळायला नेलं होतं! त्यांच्यासाठी एकच दिवस, एपकॉट हे पार्क, मोकळं आहे, बसायला आहे, देशोदेशींचे मंडप आहेत. मधल्या मोकळ्या दिवशी सगळ्यांनी बिनतिकिटाचं डिस्ने करायचं, मोनोरेल फुकट, स्कायलायनरच्या केबल कार फुकट, डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-हॉटेलांच्या भागाचं पार्किंग फुकट. डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलात जेवायचं बुकिंग करून गेलात तर मागच्या कुरणात जिराफ, झेब्रे फिरत असतात, ते बघायला वेगळे पैसे नाहीत, सासरे तिथून हलायला तयार नव्हते. आणि मॅजिक किंगडमचे फटाके डिस्नेच्या पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून तळ्यापलीकडे दिसतात, वाळूत बसून.

डिस्नेच हवं असं नसेल तर बाकीच्यांचाही विचार करा. पेनसिल्व्हेनियातलं कनोबल्स १९२६ पासून आहे, प्रवेश आणि पार्किंग फुकट, ज्याला राईड घ्यायची त्याने कूपन काढायचं, म्हणजे आजीआजोबा झाडाखाली बसले तर त्याचे शून्य. इंडियानातल्या हॉलिडे वर्ल्डला कोल्ड्रिंक फुकट देतात. ही पार्कं थंडीत चालत नाहीत, उन्हाळा धरावा लागेल. युनिव्हर्सलचं नवं एपिक युनिव्हर्स २०२५ च्या मे महिन्यात उघडलंय, पण चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी तरी लगेच जाणार नाही. आणि गंमत म्हणून सांगते, टोकियो डिस्नेलँडचं एका दिवसाचं तिकीट २०२५ ला ७,९०० ते १०,९०० येन होतं, म्हणजे सगळ्यात महाग दिवसाचा भावसुद्धा फ्लोरिडातल्या महाग दिवसाच्या निम्म्याहून कमी. ते चालवते दुसरीच जपानी कंपनी.

तुमच्या बाबांच्या गुडघ्यांबद्दल लिहिलंय ते राहिलं. व्हीलचेअर घेतली की थेट पुढे सोडतात ही जुनी ऐकीव गोष्ट आहे, आता बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद आहेत आणि सगळ्यांसोबतच जायचं असतं. अपंगांसाठीची वेगळी सोय २०२४ पासून मुख्यतः ऑटिझम वगैरे असणाऱ्यांपुरती केलीय, गुडघेदुखीला ती मिळणार नाही. पण व्हीलचेअर घ्याच, एपकॉटला चालणं फार आहे. पार्कात भाड्याने मिळते, ती पार्काच्या दारातच परत द्यावी लागते. त्यापेक्षा हॉटेलवर आणून देणाऱ्या बाहेरच्या भाडेवाल्यांकडून पूर्ण मुक्कामासाठी घ्या, म्हणजे मोकळ्या दिवशीही हाताशी राहील, आणि बाबा "नको, कशाला" म्हणतील तेव्हा त्यांना न विचारता बुक करा.