लिनोकट सुरू करताय? आधी एवढं सांभाळा
लिनोकट म्हणजे लिनोलियमचा (लिनोचा) तुकडा कोरून, त्यावर शाई लावून कागदावर घेतलेला छाप. पहिला छाप फिकट, डागाळलेला आला म्हणून खट्टू होऊ नका. कोऱ्या लिनोवर शाई नीट बसायला दोन-तीन छाप जातातच.

- लिनोचा ठोकळा तळहाताएवढा, रंग एकच. अक्षरं असतील तर आरशात दिसतात तशी उलटी कोरा. इथे जवळपास प्रत्येक जण फसतो.
- हत्यार धारदार हवं. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि ते निसटतं. दुसरा हात कायम पात्याच्या मागे! लिनो कडक लागला तर थोडा वेळ उन्हात ठेवा, लोण्यासारखा कापला जातो.

खरी गोची शाईची. हौसेने जास्त घेतली की बारीक रेषा बुजतात. काचेवर थोडीशीच घेऊन रोलर फिरवत राहा. थर मखमली दिसला आणि बारीक चर्र असा आवाज आला की जमलं, आता तोच रोलर ठोकळ्यावर फिरवा. पचपच आवाज आला तर शाई जास्त झाली.

प्रेस (छाप दाबायचं यंत्र) विकत घेऊ नका. शाई लावलेल्या ठोकळ्यावर पातळ कागद ठेवा, घासायला स्टीलच्या चमच्याची पाठ पुरते. घासून झालं की एक कोपरा उचलून बघा. फिकट वाटलं तर कागद न हलवता परत घासा. कोरलेली रेषा तिथे स्वच्छ पांढरी दिसली की सगळी खटपट वसूल होते.

रंगांचे थर वगैरे चार-पाच ठोकळे कोरून झाल्यावर बघू.