टेकऑफच्या धावेत विमान डावीकडे ओढू लागले तर

सेसना १७२ या छोट्या एक-इंजिनी विमानात थ्रॉटल (इंजिनची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे सरकवताच नाक डावीकडे वळू लागते आणि नवा विद्यार्थी हमखास योक (हातातले सुकाणू) उजवीकडे फिरवतो. जमिनीवर दिशा राखायची ती पायांनी, म्हणजे रडरच्या (शेपटीच्या उभ्या भागावरील हलत्या फळीच्या) पेडलांनी, हे अंगवळणी पडायला वेळ लागतोच. कॉकपिटमधून पाहता प्रॉपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्याचा पिळदार झोत शेपटीच्या उभ्या भागावर डावीकडून आदळतो आणि शेपटी उजवीकडे ढकलली गेल्यामुळे नाक डावीकडे जाते. म्हणून थ्रॉटल एकदम न देता सावकाश द्यावा आणि त्याच प्रमाणात उजव्या पायाचा दाब वाढवत न्यावा. टाचा मात्र फरशीवरच टेकलेल्या असाव्यात, कारण पाऊल वर सरकले की रडरबरोबर त्या बाजूचा ब्रेकही लागतो, विमान हिसका देते आणि घाबरून विरुद्ध पाय जोरात दाबला जातो. धावपट्टीबाहेर जाणारी नागमोडी धाव बहुधा अशीच सुरू होते.

नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवावी, म्हणजे किंचितसे सरकणेही लगेच कळते. डावीकडून वारा असेल तर ओढ आणखी वाढते. तेव्हा योक वाऱ्याच्या बाजूला वळवावे, पण ते त्या बाजूचा पंख खाली दाबून ठेवण्यासाठी, दिशा राखण्यासाठी नव्हे.

एवढे करूनही दिशा हातची गेली, तर थ्रॉटल पूर्ण बंद करून रडरने विमान सरळ करावे आणि मगच दोन्ही ब्रेक सारखे लावावेत. पुरेसा वेग नसताना नाक ओढून हवेत सुटका शोधणे सर्वांत घातक.