फायबर, फायबरग्लास, एफआरपी आणि कार्बन फायबर हे सगळं एकच असतं का?

नाही, एकच नाही. पण गोंधळ होणारच, कारण आपल्या पुण्यात गॅरेजवाल्यापासून गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळे सरसकट 'फायबर' म्हणून मोकळे होतात. मी भोसरीत एफआरपीच्या (धागे घालून मजबूत केलेल्या प्लॅस्टिकच्या) वर्कशॉपमध्ये काम करतो म्हणून सांगतो.

तुम्ही लिहिलंय की स्कूटरचं साइड पॅनेल तुटलं, मेकॅनिक म्हणाला फायबर आहे आणि दुकानदाराने विचारलं पॉलिस्टर देऊ का इपॉक्सी (ही दोन रेझिनं, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे चिकट द्रव). आधी काहीच घेऊ नका. पॅनेल काढून मागून बघा, बहुतेक एबीएस नाहीतर पीपी असं उमटवलेलं दिसेल, म्हणजे ते सरळ प्लॅस्टिक आहे, फायबर वगैरे काही नाही. पीपी असेल तर रेझिनचे पैसे पाण्यात, त्याला काही धड चिकटतच नाही, प्लॅस्टिक वेल्डिंगवाला गाठा.

मंडळाची फायबरची मूर्ती मात्र खरंच एफआरपी असते, म्हणजे आत काचेचे धागे आणि ते धरून ठेवणारं रेझिन. फायबरग्लास म्हणजे खरं तर नुसते काचेचे धागे, पण तयार वस्तूलाही लोक तेच म्हणतात, चालतं. जीआरपी म्हणजे काच असलेलं एफआरपी. काचेऐवजी कार्बन किंवा अरामिड (एक मजबूत कृत्रिम धागा) घातलं तरी ते एफआरपीच (केवलार हे ड्युपॉन्टने आणलेल्या अरामिडचं ब्रँडनेम आहे, वेगळा पदार्थ नाही). म्हणून कुणी नुसतं एफआरपी म्हणालं की दोनच प्रश्न विचारायचे, धागा कुठला आणि रेझिन कुठलं.

खरा घोळ 'हार्डनर' या शब्दात आहे. दुकानात दोन्ही रेझिनसोबत जी बाटली देतात तिला हार्डनरच म्हणतात, पण पॉलिस्टरसोबतचं ते एमईकेपी नावाचं रसायन असतं, ते रेझिन घट्ट व्हायला फक्त सुरुवात करून देतं, म्हणून रेझिनच्या साधारण 1 ते 2 टक्के घालायचं, थंडीत थोडं जास्त उन्हाळ्यात थोडं कमी असं चालतं. इपॉक्सीचं हार्डनर स्वतःच रेझिनला जोडलं जातं, त्यामुळे डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण, लवकर सुकावं म्हणून जास्त ओतलं तर उरलेलं तसंच राहतं आणि माल मऊ पडतो. आणि पॉलिस्टरसाठी जांभळं कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) वेगळं दिलं असेल तर ते आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, पेट घेऊ शकतं, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं आणि मगच एमईकेपी घालायचं.

मॅटचंही तसंच. चॉप्ड स्ट्रँड मॅट म्हणजे काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चादर, तिच्यातले धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या पातळ द्रवात विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं म्हणून नेहमीची मॅट कडकच राहते, कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सी घेतलंत तर विणलेलं कापड घ्या.

राहिलं कार्बन फायबर. बाईक अॅक्सेसरीच्या दुकानात या नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं प्लॅस्टिकवर चिकटवलेलं विनाइल, म्हणजे नुसतं स्टिकर, असतं. खरा कार्बन वीज वाहतो, कापलेल्या कडेला मल्टीमीटर लावला तर कळतं, अर्थात दुकानदार तुम्हाला कड घासू देईल का हा भाग वेगळा 😄